काळा धूर

दार्जिलिंग ते घूम हे अंतर फार तर ७-८ किलोमीटर. वाफेच्या इंजिनाची जॉयराइड ते जाऊन-येऊन साधारण दोन तासांत कापते. शेअर जीप त्याहून खूप लवकर पोचते, आणि कितीतरी स्वस्तात. तरी तिकिटं संपलेली असतात. मला मिळालं, खिडकीजवळचं.

ही दोन फुटी लाइन १८८१ साली दार्जिलिंगला पोचली. आपल्या माथेरानच्या गाडीचे रूळही एवढेच रुंद. चढासाठी दातेरी रूळ वगैरे काही नाही. चढ फार झाला की गाडी गोल वळसा घेते, नाहीतर झिगझॅग करत पुढे-मागे जाते. १९९९ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा यादीत घेतलं. इथलं 'बी क्लास' इंजिन मूळचं ग्लासगोचं, पहिली खेप १८८९ची.

पण ही गाडी इंजिन एकटं चालवत नाही. ड्रायव्हर आणि फायरमन तर असतातच. शिवाय एकजण कोळशाच्या ढिगावर बसून ढेकळं फोडतो. आणि पुढे, अगदी बफरवर, वाळू टाकणारे बसतात. धुक्याने रूळ ओले झाले की लोखंडावर लोखंड घसरतं, मग हे लोक चालत्या गाडीतून रुळांवर मुठीने वाळू सोडतात. मी इंजिनिअरिंगला 'घर्षण गुणांक' शिकले होते. इथे तो एका माणसाच्या मुठीत होता.

बतासिया लूपजवळ चढावर इंजिनाने काळाकुट्ट धूर सोडला आणि डब्यातले सगळे ओरडले, टाळ्या पडल्या, मोबाइल बाहेर आले. मीही व्हिडिओ काढला आणि संध्याकाळी हॉटेलवरून आजोबांना पाठवला.

आजोबा आमच्या भागातल्या एका नॅरोगेज गाडीवर फायरमन होते. डिझेल इंजिन आलं त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले होते, असं आजी सांगायची. कमरेचं दुखणं आणि हातावरचे भाजल्याचे डाग त्यांनी त्या नोकरीतून घरी आणले. वाफेच्या गाडीबद्दल ते कधी हळवे होताना मी पाहिलेलं नाही.

त्यांनी व्हिडिओ तीनदा पाहिला आणि फोन केला.

"हा धूर बघून टाळ्या कशाला वाजवतायत गं?"

"भारी दिसतो म्हणून, आजोबा."

"काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा. आमचा ड्रायव्हर डाफरायचा. थोडा थोडा टाकायचा, पातळ पसरायचा, की धूर कसा राखाडी, विरळ निघतो." मग जरा थांबून म्हणाले, "पुढच्या व्हिडिओत त्या पोराचा हात बघ. ढीग करत नाही, पसरतोय. शिकवलंय कुणीतरी त्याला."

मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. चार सेकंदांचं दृश्य. मी ते धुरासाठी काढलं होतं, हात मागे चुकून आला होता.

आमच्या ऑफिसात एक जुनी सिस्टीम आहे. ती कशी चालते हे कुठल्याच डॉक्युमेंटमध्ये नाही, ते एका माणसाच्या डोक्यात आहे. तो रजेवर गेला की सगळे हळू आवाजात बोलतात. वारशाचंही तसंच असावं. बॉयलर नवा घडवता येतो, सुटा भाग तयार करता येतो. पण किती कोळसा, कुठे, कधी, हे एका हाताकडून दुसऱ्या हाताकडेच जातं. आणि ते हात शिल्लक राहायचे असतील तर कुणीतरी रोज त्या आगीसमोर उभं राहायला हवं. आजोबा ज्यातून सुटले, ते काम.

म्हणून ही गाडी बंद व्हावी, असं मी म्हणणार नाही. मला ती पुन्हा करायची आहे. आजोबांनाही विचारलं, ते म्हणाले, "मी पाहुणा म्हणून येईन. फावडं हातात देऊ नकोस." तिकीट महाग वाटलं होतं, आता वाटत नाही. त्यातला योग्य वाटा त्या फावड्यापर्यंत पोचावा, एवढंच वाटतं.

तुम्ही गेलात, तर गाडी सुटण्याआधी पाच मिनिटं इंजिनाशी जाऊन उभे राहा. वाळू टाकणाऱ्याची मूठ बघा. आणि चढावर धूर विरळ निघाला, तर टाळ्या तेव्हा वाजवा.