अडतीच्या गादीवर एम.बी.ए.

कोल्हापूरहून गडहिंग्लजला निघालेली एस.टी. वाटेत निपाणीला कर्नाटकाची हवा खाऊन पुन्हा महाराष्ट्रात शिरते. हिरण्यकेशीकाठचे हे गाव फुटबॉलवेडे खरे. पण मिरचीच्या दिवसांत नवख्याचे स्वागत होते ते शिंकेने!

येथील पेठेतल्या एका अडत्याची मुलगी, माझी जुनी विद्यार्थिनी, कोल्हापुरात एम.बी.ए. करते. तिथे 1962 साली शिवाजी विद्यापीठ झाले, 1976 साली डॉ. ए. डी. शिंदे यांनी ‘सायबर’ काढली. त्यामुळे या विद्येसाठी पुण्या-मुंबईलाच गेले पाहिजे, असे उरले नाही. दोन वर्षांचा हा अभ्यास. हिशेब, बाजार, माणसे, सगळे त्यात आले. सुटीत ती दुकानी बसलेली दिसली.

“आप्पा, कुणाला किती उचल दिलीय, हे लिहिलंय कुठं?”

आप्पांनी कपाळावर बोट ठेवले. “हितं!”

“आणि तुम्ही आजारी पडलात तर?”

आप्पा गप्प. मग त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. (अवघड प्रश्नावर पेठेतला हा हुकमी तोडगा!) चहा येईतो पोरीने कोऱ्या वहीत रकाने आखले होते, आणि आप्पा डोळे मिटून एकेक नाव सांगू लागले होते.