आवाजाची वाट

वाईहून पाचगणीकडे जाणारा पसरणी घाट पावसाळ्यात धुक्याने भरून जातो. पुढचे वळण नेमके कोठे सुरू होते, हेही दिसत नाही. त्या घाटातून रोज पहाटे मोटारसायकलला दुधाच्या किटल्या बांधून जाणाऱ्या तरुणाला डोळ्यांपेक्षा कानांवरच अधिक विसंबावे लागे. श्रावणातल्या एका पहाटे वळणावर त्याने हॉर्न वाजवला. परंतु समोरून उतरणाऱ्या ट्रकच्या घरघरीत तो क्षीण आवाज विरून गेला. ट्रक जवळ येताच त्याने गाडी रस्त्याकडेच्या चरात घातली. जीव वाचला; दूध सांडले. घरी आईने रिकाम्या किटल्या पाहिल्या, त्याचे खरचटलेले कोपर पाहिले आणि काही न बोलता हळद आणली.

त्याच आठवड्यात त्याने दोन मोठे हॉर्न विकत आणले. जुना हॉर्न काढून त्याच्याच तारांना त्याने नवे दोन्ही हॉर्न जोडले. पहिल्या दिवशी आवाज दणदणीत वाटला. चार दिवसांत तो घोगरा झाला, बटन तापू लागले आणि एका संध्याकाळी फ्यूज उडाला. हॉर्नबरोबर वळणाचे दिवेही बंद पडले. गाडी ढकलत तो गॅरेजमध्ये पोहोचला.

म्हाताऱ्या मिस्त्रींनी तारा हातात घेतल्या. एका तारेचे आवरण वितळले होते.

"पोरा, पायवाटेनं भरलेली बैलगाडी नेलीस की रं!" ते म्हणाले.

मग त्यांनी हिशेब मांडला. प्रत्येक हॉर्न ६० वॉटचा, म्हणजे दोन मिळून १२० वॉट. बॅटरी १२ व्होल्टची. १२० ला १२ ने भागले, की १० अँपिअर. एवढा प्रवाह मूळच्या बारीक तारांना आणि इवल्या बटनाला कसा झेपणार? यावर उपाय एकच, रिले. या लहानशा डबीत तारेचे एक वेटोळे असते. त्यातून प्रवाह गेला, की ते चुंबक बनते आणि आतला मोठा संपर्क जोडते. वेटोळ्याला पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह पुरतो. बटनाने केवळ आज्ञा द्यावी. भार दुसऱ्या, जाड तारेने वाहावा.

मिस्त्रींनी आधी बॅटरीचे ऋण टोक सोडवले. जुन्या हॉर्नच्या दोन तारा त्यांनी रिलेच्या ८५ आणि ८६ या टोकांना जोडल्या. बॅटरीच्या धन टोकापासून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून नवी जाड तार ३० क्रमांकाच्या टोकाला आणली. ८७ वरून ती दोन्ही हॉर्नना दिली. हॉर्नची दुसरी टोके बॅटरीच्या ऋण टोकाकडे नेली. फ्यूज बॅटरीजवळच बसवला. हँडल वळताना ताण पडू नये म्हणून तारांना थोडी ढील ठेवली आणि पाणी साचू नये म्हणून हॉर्नची तोंडे खाली केली.

"काका, ते निरनिराळ्या सुरांचं हॉर्न बसवता येईल का?" तरुणाने विचारले.

"येईल, पण मी बसवणार न्हाई. १९८९ च्या मोटार वाहन नियमांत त्याला बंदी हाय. हॉर्ननं 'मी आलोय' एवढंच सांगावं. 'बाजूला हो' म्हणून धमकावू नये."

तरुण हसला. त्याला ते म्हाताऱ्या माणसाचे बोलणे वाटले. गावात, बाजारात, कोणी आडवे नसतानाही त्याचा अंगठा बटनावर जाऊ लागला. नव्या आवाजाने लोक दचकून बाजूला होत आणि ते पाहून त्याला बरे वाटे.

दिवाळीनंतर आईला रुग्णालयात ठेवावे लागले. तिची खाट रस्त्याकडच्या खिडकीजवळ होती. औषधाने डोळा लागला, की खाली एखादा हॉर्न वाजे आणि ती दचकून जागी होई. रुग्णालयांभोवती किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. अकारण हॉर्न वाजवणाऱ्याला १,००० रुपये दंडाची तरतूद २०१९ पासून कायद्यात आहे. पण रात्री दोन वाजता तिथे दंड करायला कोण उभे असणार? खिडकीशी बसलेल्या तरुणाने प्रत्येक आवाज मोजला. त्यांतले कित्येक अगदी त्याच्याच हॉर्नसारखे होते.

आई घरी आली. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा धुके उतरले. पसरणीच्या प्रत्येक आंधळ्या वळणावर त्याचा हॉर्न एकदा, स्पष्ट वाजे आणि समोरून प्रत्युत्तर येई. परतताना रुग्णालयाचा रस्ता लागला, की तो वेग कमी करी. हॉर्नची जोडणी तीच होती, रिलेही तोच होता. अंगठा मात्र बटनापासून दूर, हँडलच्या मुठीवर असे.