चार महिन्यांचं वर्षावन

गोंदियाला वर्षावन नाही. भूगोलात इथल्या जंगलाची नोंद शुष्क पानझडी अशी, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर सालेकसा तालुक्यातून जाताना ती पटतेही. ऐन, धावडा उघडेबोडके, पायाखाली नुसता पाचोळा. पण श्रावणात दरेकसाला उतरून बघा! हावडा-मुंबई मार्गावरचं हे लहानसं स्टेशन. तिथून हाजरा फॉल पायी जाण्याजोगा. शेवाळलेले दगड, बांबूच्या बेटांतून ठिबकणारं पाणी, अंगाला चिकटणारी हवा. चार महिन्यांपुरतं का होईना, वर्षावनच की हे.

धबधब्याशी मोबाइल उंचावलेले असतात. तिथे रेंगाळू नये, झुडपांच्या कडेकडेने चालावं. कळलावी तिथे भेटते. खोड लेचंपेचं, एकटीने उभं राहणं तिला जमत नाही. म्हणून पानांची टोकंच तणाव्यांसारखी वळवून शेजारच्या फांदीला वेटोळं घालते आणि वर चढते. फूल मान खाली घालतं. पाकळ्या मात्र उलट्या फिरून आभाळाकडे, कडांना झालरीसारख्या चुण्या. उमलताना हिरवट-पिवळी, मग केशरी, शेवटी लालभडक. एकाच वेलीवर सगळी वयं नांदतात. एवढ्या देखण्या वेलीचा कंद जहरी. त्यातलं कोल्चिसिन औषधाला लागतं, म्हणून खणून नेणारेही आलेच. तिचं दुर्मिळ होणं असं मुळापासूनचं आहे.

कळलावी काय, रानहळद काय, सफेद मुसळी काय, सगळ्यांनी उन्हाळा जमिनीखाली काढलेला असतो. मे महिन्यात लोक नागझिऱ्यात जिप्सीतून वाघ शोधत फिरतात, तेव्हा ही सारी बाग मातीत निजलेली. ती जागी होते आणि गाभ्यातली सफारी बंद! मला हा बंदोबस्त मनापासून आवडतो.

गावच्या बायांना यातल्या कशाचंच अप्रूप नाही. त्या वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, काढायला निघालेल्या असतात, नाहीतर वारुळांपाशी सात्या, म्हणजे रानअळंबी, शोधत. कळलावीपाशी उकिडवं बसलेल्या शहरी माणसाला एखादी आजी हटकतेच, “फुलाले का पायता जी? सात्या पाहा!” तिचंही खरंच आहे. सात्या एकदोन दिवसांत कुजतात, आणि बाजारात त्यांचा भाव मटणाच्या वर जातो.