खेकडीचा पदर

२००९ साली आम्हा दोघा भावांची वाटणी झाली. पावणेपाच एकर काळी जमीन, एक विहीर आणि त्या विहिरीपायी तीन महिने चाललेला अबोला. मोजणी झाली त्या संध्याकाळी आई उंबऱ्यावर बसून एवढंच म्हणाली, "खेकडीची पिल्लं निघालात रे. आईचं पोट फोडून भाईर आलात."

भालकी तालुक्यातल्या मांजरेकाठच्या आमच्या गावात ही समजूत जुनी आहे. मी इतिहासाचा माणूस. पुढे कौटिल्य शिकवताना दिसलं की अर्थशास्त्रातही भारद्वाजाचं असंच मत दिलंय : राजपुत्र खेकड्यांसारखे, जन्मदात्यालाच खाणारे. म्हणजे आईच्या बोलण्याला दोन हजार वर्षांचा आधार! मी गप्पच बसलो.

गेल्या पावसाळ्यात धाकटीने तुळशीच्या कुंडीखालची वीट उचलली. खाली करड्या रंगाचे, पुष्कळ पायांचे, तांदळाएवढे जीव पळू लागले. "अप्पा, इदु येनु?" पोरगी कन्नड शाळेत जाते, पण मला कन्नडमध्येही नाव सांगता येईना आणि मराठीतही. एक डबीत घालून कॉलेजात प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांकडे नेला.

"सर, हा किडा नव्हे. आपल्या एडीच्या भाऊबंदांतला," ते म्हणाले.

त्यांनी भिंगाखाली उलटा धरून दाखवला. ती मादी होती. छातीखाली पातळ पापुद्र्यांची पिशवी, आत ओलावा आणि त्यात पिवळसर अंडी. यांचे पूर्वज समुद्रातले. जमिनीवर राहायला आले तरी यांचा श्वास ओलाव्याशिवाय चालत नाही, आणि अंडी उघड्यावर टाकली तर सुकून जातील. म्हणून आई पिलांपुरतं पाणी अंगावरच बाळगते. बाहेर येणाऱ्या पिलाला पायांच्या सहाच जोड्या असतात, सातवी पुढे कात टाकल्यावर फुटते. थंड देशांत वसंतात दिवस मोठा होऊ लागला की यांची वीण सुरू होते. आमच्या अंगणात मात्र ती मला मृग बरसल्यावरच दिसतात.

"आणि खेकडी?" मी विचारलंच.

समुद्रातली खेकडी लाखांनी अंडी घालते आणि पिलं लाटांवर सोडून देते. ख्रिसमस बेटावरचे तांबडे खेकडे तर रानात राहतात, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस लागला की लाखोंनी समुद्राकडे चालू लागतात. आपल्या दख्खनच्या खेकडीला समुद्र कुठला? औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातल्या दिवाण आणि नागभूषणम यांनी १९७४ साली तिच्या प्रजननचक्रावर निबंध लिहिला होता, असं सहकारी म्हणाले. ती थोडीच पण मोठी अंडी घालते आणि पोटाखालच्या रुंद झडपेत धरून ठेवते. आमच्याकडे त्या झडपेला पदरच म्हणतात, नर-मादी त्यावरूनच ओळखतात. अंड्यातून निघतो तो पुरता खेकडा, ज्वारीच्या दाण्याएवढा. तरी तो काही दिवस पदरातच राहतो. पोट वगैरे कुणी फोडत नाही. काठावर पाठीकडून उकललेली रिकामी कवचं पडलेली असतात, ती कात असते. ती पाहूनच ही गोष्ट निघाली असावी, असं आपलं मला वाटतं.

पुढच्याच रविवारी गावी गेलो. आई धाकट्या भावाकडे असते. रात्री पुतण्याने ओढ्यावरून बादलीभर खेकडे आणले. त्यांतली एक मादी मी काढली आणि कंदिलापुढे तिचा पदर हलकेच उघडला. आत पिलांची नुसती वळवळ. मृगात लोक खेकडे धरायला निघतात, ते नेमके याच दिवसांत. आजवर अशा किती आमच्या कालवणात गेल्या असतील!

आईने चष्मा लावला, वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पोट बोटाने दाबून बघितलं.

"साबूत हाय की गं बाई," ती त्या खेकडीलाच म्हणाली. मग पुतण्याला, "जा, वढ्यात सोडून ये हिला. पदरातली न्हाई खायची."

तो गेला. आई कंदिलाची वात कमी करत म्हणाली, "वाटणीच्या दिशी बोलले, ते ध्यानात ठिवलं व्हय रं तू?"

मी काही बोललो नाही. भाऊ आतून चहा घेऊन आला.