गुलाब, मावा आणि सासूबाई



थंडी पडली की दोन-तीन जणी मला हमखास विचारतात, "तुमच्या गुलाबांना काय घालता हो?" म्हटलं, यंदा लिहूनच टाकावं. पण नुसतं खत-पाणी सांगून भागणार नाही. या गुलाबांपायी एक हिवाळा मी आणि सासूबाई एकमेकींशी धड बोललो नव्हतो, तेही सांगायला हवं.

सांगलीच्या आमच्या घरापुढे नऊ गुलाब आहेत. सगळे सासूबाईंनी लावलेले. रोज सकाळी परडीभर फुलं बस्तीत पूजेला जातात. बाकी लोक ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात गुलाब छाटतात. आमच्याकडे तेव्हा चातुर्मास. झाडाला कात्री नाही, मातीला खुरपं नाही. कार्तिकातली अष्टान्हिका झाली की मगच छाटणी. सुरुवातीला मी कुरकुर करायची. पण छाटल्यापासून 45-50 दिवसांनी फुलं येतात, म्हणजे इतरांची नोव्हेंबरअखेरीस, आमची संक्रांतीच्या सुमाराला. तोटा काहीच नाही. उलट परतीच्या पावसात छाटलेल्या फांद्या टोकाकडून काळ्या पडत वाळतात, ते आमचं वाचतं.

छाटताना वाळक्या, किडक्या आणि आतल्या बाजूला वळलेल्या फांद्या आधी काढायच्या. उरलेल्या बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर तिरक्या कापायच्या. कलमाच्या गाठीखालून फुटवा आला तर तो मुळाशी काढायचा. तो रानटी गुलाबाचा असतो, सगळी ताकद खाऊन टाकतो.

आता त्या हिवाळ्याची गोष्ट. नणंदेच्या मुलीचा साखरपुडा जानेवारीत होता. घरचीच फुलं असावीत अशी मला हौस. छाटणीनंतर मी ओंजळीने युरिया घातला. आठवड्याभरात लालसर, लुसलुशीत फुटवे आले. आणि त्यांच्या मागोमाग मावा. कळ्या चिकट झाल्या, मुंग्यांची रांग लागली. मी घाबरले. दुकानातून औषध आणलं आणि दुपारी आई झोपल्या असताना फवारलं. दोन दिवसांत मावा गेला. फुलं तर अशी आली की येणारा-जाणारा थांबून बघायचा.

पण आईंच्या परडीत नुसती शेवंती दिसायला लागली. गुलाबाजवळून त्या सरळ पुढे जायच्या. चौथ्या दिवशी मी विचारलंच.

"नको गं," त्या म्हणाल्या. "ती फुलं साखरपुड्यालाच असू देत."

मला राग आला. म्हटलं, "गृहस्थाला विरोधी हिंसा चुकत नाही, शास्त्रातच आहे की."

"मावा काय तुझ्याशी भांडायला आला होता?"

मग मी बोलू नये ते बोलले. "बाजारातली भाजी खाता, तिच्यावर काय कमी फवारतात?" आई काहीच बोलल्या नाहीत. उठून सामायिकाला बसल्या. पुढे महिनाभर आमचं बोलणं कामापुरतंच.

चैत्रात वर्षाचा गहू गच्चीवर वाळत घातला होता. निवडता निवडता आई सहज म्हणाल्या, "धान्यात किडे झाल्यावर काय करायचं, याला उत्तर नसतं बघ. होऊच द्यायचे नाहीत."

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. माहेरी भाऊ ऊस करतो. त्याला फोन करून सगळं सांगितलं. तो हसायलाच लागला. "अगं, जादा युरियाने फुटवा कोवळा होतो. मावा त्याच्यावरच येणार. तूच ताट वाढलंस."

आपण पाणी गाळतो, पीठ थोडंच दळतो, डबे कोरडे ठेवतो. कशासाठी? जीव निर्माणच होऊ नयेत म्हणून. स्वयंपाकघरात जे रोज पाळते, ते अंगणात पार विसरले होते.

तेव्हापासून माझी रीत अशी. छाटणीनंतर चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडं सिंगल सुपर फॉस्फेट. युरिया बंद. तयार खताची पिशवी घेताना आधी विचारा, कारण गुलाबाच्या खतात पुष्कळदा बोनमील असतं. ते जनावरांच्या हाडांचं. दिवसाला निदान पाच-सहा तास ऊन हवं. पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्यावं. संध्याकाळी पानं ओली राहिली की काळे ठिपके पडतात. थंडीत माती लवकर सुकत नाही, म्हणून बोट घालून बघूनच पाणी घाला. सुकलेली फुलं वेळच्या वेळी काढली की पुढचा बहर लवकर येतो.

मावा अजूनही थोडा येतो. मी हात लावत नाही. काही दिवसांत ठिपक्यांचे लाल ढालकिडे येतात. मावा हा त्यांचा आहार. फवारणीत तेही मेले असणार, हे मला फार उशिरा कळलं. काही कळ्या वाया जातात. फुलं पूर्वीइतकी मोठी नसतात, पण परडी भरते.

पुढच्या संक्रांतीला आईंनी पहिला गुलाब स्वतः तोडून परडीत ठेवला. बोलल्या काहीच नाहीत. आता त्यांचे गुडघे दुखतात. त्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसतात आणि "तो डावीकडचा राहिला बघ" म्हणून मला सांगतात.

भाजीबद्दल बोलले, त्याची क्षमा मी पर्युषणानंतर क्षमावाणीला मागितली. आई म्हणाल्या, "प्रश्न चुकीचा नव्हता, तुझा सूर चुकीचा होता." त्या प्रश्नाचं उत्तर अजून आम्हा दोघींकडे नाही. निदान अंगणातल्या नऊ झाडांपुरतं तरी सापडलं.

जय जिनेंद्र.