खिळ्यावरचा गार्ड

घरून काम करायचं तर स्वतःचं झक्कास टेबल हवंच की नाही? मग आजीच्या घरातलं जुनं सागवानी दार टेम्पोत टाकलं आणि गाठला वसई पूर्वेचा, वालीवकडचा एक गाळा. मिस्त्रीकाका एकदम भारी माणूस. दार चाचपून म्हणाले, ‘‘सोनं आहे, ताई. चार दिवस द्या.’’

मी पडले डेडलाइनवर जगणारी! ‘‘काका, परवा द्या ना, प्लीज!’’

परवा गेले, तर दाराचे खिळे काढून फळ्या रंधा मशीनवर चढल्या होत्या. सपाट टेबल, मधोमध फट आणि फटीत मिनिटाला काही हजार वेळा गरगरणारा कटर. पाती दिसतच नाहीत, दिसते ती नुसती चकाकी. शेवटी ड्रॉवरची वीतभर पट्टी आली. काकांनी ती पंजानं दाबून पुढे ढकलली आणि... खाड्! पट्टी मागे उडून भिंतीवर आदळली. काकांचा हात कटरच्या दोन बोटं अलीकडे थांबला.

माझ्या हातातला कटिंग चहा तसाच.

‘‘याला झाकण नसतं का हो?’’ मी कसंबसं विचारलं. काकांनी भिंतीकडे पाहिलं. गणपतीच्या कॅलेंडरशेजारी खिळ्यावर गार्ड लटकत होता. धूळ खात! ‘‘दर फळीला खाली-वर करावा लागतो, ताई. टाइम जातो. तुम्हाला तर आजच पाहिजे...’’

आईशप्पथ! म्हणजे हे माझ्या ‘प्लीज’मुळे? करवतीनं तुटलेलं बोट कधीकधी जोडता तरी येतं. रंधा बोट सोलून काढतो. बहुतेकदा जोडायला काही उरतच नाही.

काकांनी मशीन बंद केलं, कटर पूर्ण थांबू दिला (स्विच बंद केल्यावरही तो फिरत राहतो, बरं का!) आणि गार्ड बसवला. कटरवर आडवा पूल, खालून फळी जेमतेम सरकेल एवढीच फट. आखूड पट्टीला मूठ लावलेला ठोकळा, म्हणजे पंजा पात्याजवळ जायलाच नको. हातमोजे मात्र नाहीत. ते पात्यात अडकले तर हातच ओढून नेतात. मी घड्याळ बघितलं. सगळं मिळून दोन मिनिटं!

मशीनचे धोकादायक भाग झाकलेले हवेत, हे १९४८च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टनंच सांगितलं होतं. नोव्हेंबर २०२५पासून त्याच्या जागी नवी संहिता आली. पण तीन-चार माणसांचा गाळा कायद्याच्या भाषेत ‘फॅक्टरी’ नसतोच. तिथे कायद्याआधी पोहोचतो कस्टमर. म्हणजे मी. आणि तुम्हीसुद्धा!

‘‘काका, शनिवारी द्या. निवांत,’’ म्हणत मी अ‍ॅक्टिव्हाकडे वळले. मागून काका हसले, ‘‘ताई, तुमचा गार्ड?’’

हेल्मेट माझ्या कोपराला लटकत होतं.