पडद्याचा कोपरा

पणत्यांच्या रांगेत एखादी पणती मंदावली, की रस्त्याने जाणारा परका माणूससुद्धा ती बोट दाखवून सांगतो. पण घरातला दिवा वर्षभर थोडाथोडा मंदावत गेला, तर रोज त्याच्याखाली बसणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. डोळा हा मोठा समजूतदार गृहस्थ आहे. शेजारीशेजारी असलेला भेद तो चटकन पकडतो. हळूहळू पडत गेलेला भेद मात्र पदरात घेतो आणि निभावून नेतो.

हा समजूतदारपणा संसारात सोयीचा खरा. पण एके ठिकाणी तो घातक ठरतो. ते ठिकाण मला घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या मानपाड्यातच पाहायला मिळाले.

गेल्या पावसाळ्यात आईचा खोकला हटेना, म्हणून डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढायला सांगितला. केंद्रातला तंत्रज्ञ माझा जुना विद्यार्थी निघाला. मराठीत त्याला जेमतेम गुण पडत. म्हणूनच बिचारा उपयोगी माणूस झाला असावा! फोटो झाल्यावर आईला बाकावर बसवून त्याने मला आतली खोली दाखवली. तिथे अर्धवट अंधारात, डॉक्टर ज्यावर फोटो वाचतात तो पडदा होता.

राँटगेनने 8 नोव्हेंबर 1895 रोजी क्ष-किरण शोधले. त्यानंतर कितीतरी वर्षे हे फोटो फिल्मवर निघत आणि उजेडाच्या पेटीवर लावून पाहिले जात. आता बहुतेक ठिकाणी ते पडद्यावर वाचतात. माझ्या शिष्याने तो पडदा सबंध करडा केला आणि विचारले, ‘‘सर, कसा दिसतो?’’

‘‘एकसारखा की!’’

त्याने हातातले प्रकाशमापक मध्यभागी धरले. आकडा आला चौरस मीटरला 500 कँडेला. कोपऱ्यात धरले, 400. मी पुन्हा पाहिले, चष्मा पुसून पाहिले. मला तो पडदा एकसारखाच दिसत राहिला. उजेड मध्यापासून कडेपर्यंत इतक्या हळू उतरत होता, की डोळ्याला पायरी लागतच नव्हती.

‘‘हे चालते?’’

‘‘चालते, सर.’’ मध्य आणि चार कोपरे, अशा पाच जागी मोजायचे. सर्वांत उजळ आणि सर्वांत मंद जागेतला फरक त्या दोहोंच्या सरासरीच्या 30 टक्क्यांच्या आत हवा, असा दंडक अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2005 च्या अहवालात घालून दिला आहे. इथला फरक 22 टक्क्यांचा.

पण मला राहवेना. छातीच्या फोटोत फुप्फुसांची शिखरे वरच्या कडेला येतात, आणि क्षयाची छाया पुष्कळदा तिथेच पडते. छातीत पाणी साठू लागले तर त्याची खूण खालच्या कोपऱ्यांत दिसते. फोटो सरकवून मध्यभागी आणता येतो, हे खरे. पण सरकवावासा वाटायला आधी शंका तर यायला हवी!

‘‘मग कोपऱ्यांचा उजेड वाढवत का नाहीत?’’

तो हसला. ‘‘कुठून वाढवणार, सर? उजेड मागच्या दिव्यांचा. पुढची काच तो फक्त अडवते किंवा सोडते. कोपऱ्यात ती पुरती उघडली तरी उजेड मध्यापेक्षा कमीच. मधल्यालाच कोपऱ्याइतके आवरायचे.’’

चांगल्या पडद्यांत ही व्यवस्था कारखान्यातच होते. पडदा जागोजागी मोजून त्याचा नकाशा आतल्या स्मरणात ठेवतात आणि त्यानुसार उजळ भाग आवरतात. याची किंमतही पडते. एकूण उजेड घटतो, आणि आवरण्यात करड्या रंगाच्या काही पायऱ्या खर्ची पडतात. म्हणून साध्या पडद्याच्या 256 पायऱ्यांवर न भागवता आत 1024 किंवा त्याहून अधिक पायऱ्यांचा हिशेब ठेवतात. उजळांनी थोडे सोडल्याशिवाय समता येत नाही, हे सभांतून मी पुष्कळदा ऐकले होते. आकड्यांनिशी सिद्ध झालेले इथेच पाहिले.

तेवढ्यात पडद्याच्या चौकटीतून एक चिमुकला दांडा बाहेर आला, कडेला टेकला, काहीतरी मोजून पुन्हा आत गेला. तो पडद्याचा स्वतःचा डोळा. मागचे दिवे वर्षानुवर्षे क्षीण होत जातात. तो ते ओळखून त्यांचा जोर वाढवायला लावतो. त्यासाठी नवा पडदा मुळातच ऐपतीपेक्षा कमी उजेडावर चालवतात. हा डोळा थकत नाही, सवयीला भुलत नाही. पण तो पाहतो कडेची बोटभर जागा. मध्यभागी किती उजेड असेल, हे आरंभी नोंदलेल्या प्रमाणावरून ठरवले जाते. पुढे पलीकडचाच एखादा कोपरा काळवंडला, तर त्याला कळत नाही. आम्हां मास्तरांना ही अडचण नवी नाही. पहिल्या बाकावरचे चेहरे उजळले म्हणजे वर्गाला समजले, असे गणित फार दिवस टिकत नाही. अधूनमधून मागच्या बाकाशी जाऊन उभे राहावे लागते.

इथेही तेच करतात. ठरल्या मुदतीने कोणीतरी माणूस करडा पडदा लावतो आणि पाच जागी मापक धरतो. भिंतीवर त्याचा तक्ता होता : तारीख, पाच आकडे, खाली सही. शेवटची तारीख त्याच महिन्याची होती.

आईच्या फोटोत काही निघाले नाही. खोकलाही पुढे थांबला. ‘स्वच्छ आहे’ हे दोन शब्द वाचून तिने देवापुढे साखर ठेवली. माझा विश्वास मात्र त्या दोन शब्दांइतकाच भिंतीवरच्या पाच आकड्यांवर बसला. वाचकहो, अशा खोलीत जाण्याची वेळ तुमच्यावर न येवो; पण आलीच, तर पडदा शेवटचा कधी मोजला, एवढे विचारायला संकोचू नका.